झाकली मूठ की उघडी वही?

आपल्या मंडळात पापड, मसाले, फराळाचे जिन्नस करून विकणाऱ्या भगिनी पुष्कळ आहेत. डाळ कोठे स्वस्त मिळते, कोणता दुकानदार वेळेवर पैसे देतो, पुड्याची किंमत कशी बसवावी, हा विषय निघाला की मात्र आमचे आवाज खाली येतात. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण आपण सासर-माहेराप्रमाणेच धंद्यालाही लावतो. वर्धापनदिनाच्या निमित्ताने या म्हणीची थोडी उलटतपासणी करावी, असे मला वाटले.

त्यासाठी मुंबईतील गिरगावात जाऊ. १५ मार्च १९५९ रोजी तेथील एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटावयास बसल्या. जसवंतीबेन पोपट त्यांपैकीच एक. भांडवल होते ८० रुपये, तेही छगनलाल पारेख या समाजसेवकांकडून उसने घेतलेले. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. तीन महिन्यांत सातांच्या पंचवीस झाल्या आणि पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांवर गेली. पावसाळ्यात ऊन नसल्यामुळे काम चार महिने बंद ठेवावे लागले होते. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह! युक्ती साधीच, पण ती एकीच्याच घरात राहिली असती तर बाकीच्यांचे पापड ओलेच राहिले असते.

‘लिज्जत’ हे नाव १९६२ साली आले आणि संस्थेची नोंदणी १९६६ साली झाली. या कामाचे मर्म मला दोन गोष्टींत दिसते. पहिली गोष्ट म्हणजे येथे मालकीण आणि मजूर असा भेद नाही. लाटणारी प्रत्येक बहीण भागीदार. नफा सर्वांचा तसा तोटाही सर्वांचा. साहजिकच हिशेब झाकून ठेवण्यात कोणाचेच हित उरत नाही. हिशेब चोख ठेवा, हा छगनबापांचा आग्रह होता. दुसरी गोष्ट, नव्या बाईला काम शिकविल्याने जुन्या बाईची भाकरी कमी होत नाही. हात वाढले की माल वाढतो, माल वाढला की दूरचा व्यापारीही दाराशी येतो.

येथे कोणी म्हणेल, मग सगळेच उघडे टाकावे काय? तसे नव्हे. आरंभी या भगिनी दोन प्रतींचे पापड करीत. एकच उत्तम प्रत ठेवा, हा सल्ला छगनबापांचाच. पुढे जागा अपुरी पडू लागली तेव्हा मळलेले पीठ घरी न्यावयाचे आणि लाटलेले पापड परत आणून तोलून द्यावयाचे, अशी रीत पडली. पीठ एका ठिकाणचे म्हणून चव एक. म्हणजे रीत सर्वांना खुली, पण कसोटीत कोणालाही सूट नाही. नुसत्या मोकळेपणाने यश मिळतेच असेही नाही. १९६१ साली मालाडला काढलेली शाखा चालली नाही. तरीही काम थांबले नाही. १९६८ मध्ये गुजरातेतील वालोड येथे शाखा निघाली आणि २०२१ साली जसवंतीबेनना पद्मश्री मिळाली.

आपल्या मराठवाड्याकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर आणि उस्मानाबाद (आजचे धाराशिव) जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतल्या बायका घरबांधणीचे काम समजून घेऊ लागल्या व एका गावचा अनुभव दुसऱ्या गावाला सांगू लागल्या. २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा यांपैकी काही जणी आपले अनुभव सांगण्यासाठी गुजरातेत गेल्या. बचत गटांचेही तेच. १९९२ मध्ये नाबार्डने ५०० गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग आरंभिला, तो पुढे देशभर पसरला. गटाचा पाया काय? बैठकीत सर्वांसमोर पैसे मोजावयाचे आणि वही मोठ्याने वाचावयाची. जिला वाचता येत नाही तिलाही आपला आकडा कानी पडतो, म्हणून तिचा विश्वास बसतो. आणि त्या विश्वासावरच बँक कर्ज देते.

आमच्या शहराचा हिमरू एके काळी दूरवर जाई. राजाश्रय गेला, यंत्रमागाचे स्वस्त कापड आले आणि हातमाग थोडे उरले. अशा वेळी विद्या मोजक्या घरांतच असेल, तर एकेक घर थांबले की तेवढी विद्याही थांबते. पापड-मसाल्यांच्या बाबतीत आपली गत तशी होऊ नये.

म्हणून माझी एक सूचना आहे. मंडळात एक वही ठेवावी. कच्च्या मालाचे भाव, दुकानदारांचे येणे, पुड्याचा खर्च आणि फसलेला घाणादेखील तीत प्रत्येकीने लिहावा. आजीच्या हातची चव जिची तिने खुशाल राखावी. ती वहीत उतरतही नाही. पण दर ठाऊक नसल्यामुळे एखादी भगिनी आपले कष्ट निम्म्या किमतीत विकत असेल, तर त्या झाकल्या मुठीत सव्वा लाख नाहीत, तिचे नुकसान आहे. ती मूठ आपण सर्वजणींनी मिळून उघडू या.