बारभाई, आघाडी आणि युती



कल्याणहून निघालेली लोकल कळवा सोडून खाडीवरून ठाण्यांत शिरते, तेव्हां आपण एक जुनी सरहद्द ओलांडली हें प्रवाशांपैकीं क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. १७८२ पासून १८१७ पर्यंत या पाण्याच्या एका बाजूस, म्हणजे ठाण्यास, कंपनी सरकारचा अंमल होता. आणि दुसऱ्या बाजूस, कल्याणास, पेशव्यांचा. ही रेघ येथेंच कां पडली, याचा शोध घेऊं लागल्यास आपणांस एका शब्दाच्या अर्थापाशीं जावें लागतें. तो शब्द म्हणजे इंग्रजींतील ‘कोअलिशन’.

त्याच्या मूळ लॅटिन धातूचा अर्थ ‘एकत्र वाढणें’ असा आहे. दोन रोपें शेजारीं रुजून त्यांचें एक खोड व्हावें, अशी कांहींशी ती कल्पना. मराठीनें या कल्पनेसाठीं जे शब्द योजिले ते मात्र अधिक सावध आहेत. ‘आघाडी’ हा शब्द लष्करांतला. सैन्याची पुढची फळी ती आघाडी. ती उभी राहावयास समोर शत्रु हवा. ‘युती’ आली ज्योतिषांतून. गुरु आणि शनि यांची युती होते, तेव्हां ते आपल्या दृष्टीस जवळ दिसतात. परंतु प्रत्येकाची कक्षा निराळी असते, आणि कांहीं दिवसांनीं दोघेहि आपापल्या वाटेनें जातात. तिसरा शब्द आपल्याच इतिहासानें घडविलेला आहे, तो म्हणजे ‘बारभाई’.

१७७३ च्या ऑगस्टांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यानंतर राघोबादादांच्या विरुद्ध सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे प्रभृति मुत्सद्दी एक झाले, आणि १७७४ च्या एप्रिलांत जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नांवानें त्यांनीं राज्य चालविलें. हेंच बारभाईंचें कारस्थान. राघोबादादा मदतीसाठीं इंग्रजांकडे वळले. मुंबईकरांना साष्टी आणि वसई हवी होती. वाटाघाट चालू असतांनाच, पोर्तुगीज आरमार साष्टी परत घ्यावयास येत असल्याची भीति पुढें करून, १७७४ च्या डिसेंबरअखेर त्यांनीं ठाण्याचा किल्ला हल्ला करून घेतला. चिमाजीअप्पांच्या मोहिमेंत, १७३७ सालीं, मराठ्यांनीं जिंकलेलें ठाणें असें गेलें.

इकडे बारभाईंतहि फूट पडली. मोरोबा फडणीस १७७८ मध्यें उलटले. पुढें सखारामबापूहि कैदेंत पडले. उरले मुख्यतः नाना. त्यांनीं १७८० मध्यें याहून मोठी जूट बांधिली. पुण्यानें मुंबई आणि गुजरात सांभाळावी, हैदर अल्लीनें मद्रासेवर, नागपूरकर भोसल्यांनीं बंगाल्यावर आणि निजामानें उत्तर सरकारांवर चालून जावें, अशी ती चौफेर योजना होती. नकाशावर तिच्यांत कोठेंहि उणीव दिसत नाहीं.

उणीव हेतूंत होती. पुण्यास साष्टी परत हवी होती आणि राघोबादादांचा बंदोबस्त हवा होता. हैदरास कृष्णेच्या दक्षिणेकडील मुलूख राखावयाचा होता. निजामाचा राग गुंटूरसाठीं होता. तें परत मिळतांच तो स्वस्थ बसला. भोसल्यांची फौज कटकाकडे गेली, पण वॉरन हेस्टिंग्जनें द्रव्य देऊन तिला थोपविलें. हैदरानें मात्र १७८० च्या सप्टेंबरांत पोल्लिलूर येथें इंग्रजांचा दारुण पराभव केला. त्याच वर्षीं कल्याण आणि वसई इंग्रजांच्या हातीं पडलीं. अखेर १७ मे १७८२ रोजीं महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीनें सालबाईचा तह झाला. हैदरानें जिंकलेला मुलूख त्याला सोडावयास लावण्याची हमी त्यांत पेशव्यांकडून घेतलेली होती; आणि त्या वेळीं हैदर रणांगणावर लढतच होता! त्या डिसेंबरांत तो वारला, आणि त्याच महिन्यांत पुणें दरबारानें तहास मान्यता दिली.

या तहानें वसई आणि कल्याण परत आलीं. साष्टी, घारापुरी व करंजा इंग्रजांकडेच राहिलीं. राघोबादादांचा पक्ष इंग्रजांनीं सोडला आणि सवाई माधवरावांची गादी निर्वेध झाली. म्हणजे १७७४ मध्यें बारभाई ज्या एका कामासाठीं जमले होते, तें पार पडलें. त्याची किंमत ठाण्यानें भरली. तरी आज आपण ‘बारभाईंचा कारभार’ म्हणतों तो गोंधळाच्या अर्थानें. भाषेनें त्यांची फूट लक्षांत ठेवली. त्यांनीं साधलेलें काम ती विसरली.

आपल्या काळांतहि हे शब्द राबत आहेत. १९८९ मध्यें शिवसेना आणि भाजप यांची युती झाली. १९९९ मध्यें काँग्रेस आणि राष्ट्रवादी यांचें आघाडी सरकार आलें. २०१५ मध्यें राज्यांत एकत्र सत्तेवर असलेले सेना-भाजप कल्याण-डोंबिवली महापालिकेंत मात्र परस्परांविरुद्ध लढले. एकास ५२ आणि दुसऱ्यास ४२ जागा मिळाल्या, बहुमत कोणासच नाहीं. मग दोघे पुन्हां एक झाले. ग्रह दूर गेले आणि पुन्हां जवळ आले, इतकेंच.

अशा मेळाव्यांस सरसकट नांवें ठेवणें सोपें आहे. भिन्न मतांच्या माणसांना एकत्र राज्य करावयाचें तर दुसरा मार्गहि नसतो. परंतु अशी जूट जमली कीं सुज्ञ नागरिकानें एक प्रश्न अवश्य विचारावा. शत्रु कोण, हें सर्वांस ठाऊक असतेंच. पण उद्यां तडजोड करण्याची वेळ आली, तर यांच्यापैकीं कोण काय सोडणार, आणि तें कोणाचें असणार? १७८२ मध्यें हा प्रश्न ठाणेंकरांस विचारतां आला नाहीं. त्यांचा किल्ला आज तुरुंग म्हणून उभा आहे. आपल्या हातीं मत आहे. तें देण्यापूर्वीं आपण हा प्रश्न विचारूं शकतों.