मोबाईलवरील वर्गणी-सेवा आणि संलग्न विपणन : नफ्याच्या उदयास्ताचा इतिहास (१९९९-२०२१)

प्रस्तावना

व्यापाराच्या इतिहासात नफ्याच्या वाढीची नोंद जितक्या उत्साहाने घेतली जाते, तितक्या उत्साहाने त्याच्या ऱ्हासाची घेतली जात नाही. एखादा धंदा बसला की त्याचे खापर तंत्रज्ञानातील बदलावर फोडून अभ्यासक मोकळे होतात. मोबाईलवरील वर्गणी-सेवा हे याचे ठळक उदाहरण होय. रिंगटोन, कॉलर ट्यून, राशिभविष्य, क्रिकेटची धावसंख्या, विनोद, भक्तिगीते अशा किरकोळ करमणुकीच्या सेवा दरमहा वा दर आठवड्याला पैसे कापून पुरविण्याचा हा व्यवसाय एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जगभर फोफावला आणि दुसऱ्या दशकात ओसरला. स्मार्टफोन आला, गाणी फुकट मिळू लागली आणि धंदा संपला, असे त्याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. ते खोटे नाही. परंतु अपुरे आहे. ज्या ज्या देशात ग्राहकाची ‘संमती’ म्हणजे नेमके काय याची कायदेशीर व्याख्या घट्ट करण्यात आली, त्या त्या देशात नफ्याला ओहोटी लागली, असे घटनाक्रम तपासल्यावर दिसते. प्रस्तुत निबंधात या सूत्राच्या आधारे सदर व्यवसायाचा, आणि विशेषतः त्यासाठी ग्राहक गोळा करणाऱ्या संलग्न विपणनाचा, विचार केला आहे.

अडत्याची जुनी पद्धत, नवा माल

संलग्न विपणन अर्थात अफिलिएट मार्केटिंग ही पद्धत मुळात अडतीची आहे. स्वतःचा माल नसलेला मनुष्य दुसऱ्याच्या मालाकडे गिऱ्हाईक वळवितो आणि विक्रीमागे ठरावीक रक्कम घेतो. जुलै १९९६ मध्ये ॲमेझॉनने आपली संलग्न योजना सुरू केली व ही पद्धत इंटरनेटवर रूढ झाली. तेथे माल म्हणजे पुस्तक होते. गिऱ्हाईक पुस्तकाची किंमत पाहत असे, पैसे एकदाच देत असे आणि वस्तू हातात पडत असे. फसवणुकीला तेथे फारसा वाव नव्हता.

मोबाईलवरील वर्गणीत या तिन्ही गोष्टी बदलल्या. किंमत बारीक अक्षरांत गेली, पैसे वारंवार कापले जाऊ लागले आणि वस्तू अशी काही उरलीच नाही. अडत्याला मात्र त्याची रक्कम नोंदणी होताच, एकरकमी मिळत राहिली. ग्राहक पुढे किती महिने टिकतो, समाधानी आहे की संतापलेला आहे, याच्याशी त्याचा संबंध उरला नाही. मन वळविणारा एक आणि परिणाम भोगणारा दुसरा, ही फारकत या व्यवसायाच्या मुळाशी आहे.

येथे थोडे गणित पाहणे उपयुक्त ठरेल. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा, सेवेचा दर महिना ३० रुपये आहे आणि त्यातील निम्मे दूरसंचार कंपनी ठेवते. सेवा पुरविणाऱ्याकडे १५ रुपये उरतात. अडत्याला दर नोंदणीमागे ४० रुपये दिले जातात. ग्राहक तीन महिने टिकला तर पुरवठादाराला ४५ रुपये मिळून ५ रुपये सुटतात. दोनच महिने टिकला तर १० रुपयांचा तोटा होतो. आता अडत्याच्या बाजूने पाहू. तो जाहिरातीवरील दर शंभर क्लिकमागे १०० रुपये खर्च करतो. त्यातील पाच जण वर्गणीदार झाले तर त्याला २०० रुपये मिळतात. परंतु ‘आपणास खरोखर ही सेवा हवी आहे काय?’ असा दुसरा प्रश्न मध्ये आला आणि पाचांपैकी दोघांनीच होकार दिला, तर ८० रुपये हाती येतात आणि खर्च भरून निघत नाही. या एका प्रश्नाने नफ्याचे तोट्यात रूपांतर होते. तो प्रश्न विचारला जाऊ नये यासाठी या व्यवसायाने जी शक्ती खर्च केली, तिचा उलगडा या हिशेबात होतो.

जपान, चीन आणि युरोप

या व्यवसायाचा प्रारंभ मात्र सचोटीचा होता. फेब्रुवारी १९९९ मध्ये जपानच्या एनटीटी डोकोमो कंपनीने आय-मोड ही सेवा सुरू केली. मान्यताप्राप्त संकेतस्थळांची वर्गणी फोनच्या बिलातून गोळा करून कंपनी केवळ ९ टक्के कमिशन ठेवीत असे. कोणते संकेतस्थळ यादीत घ्यावयाचे याची छाननीही तीच करी. वर्गणी अल्प, अडत अल्प आणि देखरेख कडक, अशी ही घडी होती.

चीनने हाच नमुना उचलला, पण घडी राखली नाही. चायना मोबाईलने २००० च्या अखेरीस मॉन्टरनेट ही योजना आणली आणि उत्पन्नाचा १५ टक्के वाटा स्वतःकडे ठेवला. सिना, सोहू आणि नेटईझ या अमेरिकी शेअर बाजारात नोंदलेल्या, परंतु डबघाईस आलेल्या कंपन्यांना या एसएमएस-उत्पन्नाने अक्षरशः जीवदान दिले. पाठोपाठ शेकडो लहान पुरवठादार आले आणि न मागितलेल्या सेवांच्या तक्रारींचा पूर लोटला. जुलै २००६ मध्ये चायना मोबाईलने नव्या वर्गणीसाठी विनामूल्य चाचणीकाळ आणि दुहेरी पुष्टी बंधनकारक केली, तेव्हा या कंपन्यांचे मोबाईल-उत्पन्न झपाट्याने घसरले. त्या वेळी आयफोन बाजारात आलेला नव्हता, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. ऱ्हासाचे कारण केवळ स्मार्टफोन असते, तर चीनमधील ही घसरण तेव्हा घडलीच नसती.

युरोपात याच सुमारास ‘क्रेझी फ्रॉग’ या विचित्र बेडकाने धुमाकूळ घातला. बर्लिनमधील जाम्बा ही कंपनी २००४ मध्ये व्हेरिसाईन या अमेरिकी कंपनीने सुमारे २७ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली होती. ब्रिटनमध्ये तिने दूरचित्रवाणीवर या बेडकाच्या रिंगटोनची जाहिरात इतकी केली की २००५ च्या उन्हाळ्यात त्याचे गाणे विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. एक रिंगटोन घेतली असे समजणारी शाळकरी मुले प्रत्यक्षात वर्गणीदार होत होती. सप्टेंबर २००५ मध्ये ब्रिटनच्या जाहिरात मानक प्राधिकरणाने अशा जाहिराती रात्री नऊपूर्वी दाखविण्यास मनाई केली. मुलांची संमती ही संमतीच नव्हे, एवढेच त्या निर्णयाचे सार होते.

भारतातील अनुभव

भारतात पहिला मोबाईल संवाद ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू आणि केंद्रीय मंत्री सुखराम यांच्यात झाला. पुढील दहा वर्षांत मोबाईल चैनीच्या वस्तूंतून गरजेच्या वस्तूंत आला. येथील ग्राहकांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रीपेड होते. या एका वस्तुस्थितीने भारतातील सारा इतिहास घडविला आहे. पोस्टपेड ग्राहकाला महिन्याच्या शेवटी बिल येते आणि त्यावर नोंद दिसते. प्रीपेड ग्राहकाला बिल येत नाही. रिचार्ज मारला आणि दुसऱ्या दिवशी ‘बॅलन्स कापला गेला’ एवढेच त्याला त्या काळी कळत असे. कशापोटी कापला, हे कळण्यासाठी ग्राहक सेवा केंद्राला फोन लावावा लागे. दहा-वीस रुपयांसाठी इतका खटाटोप सहसा कोणी करीत नसे. शेतमजूर, रिक्षाचालक, विद्यार्थी यांच्या खात्यांतून लहान लहान रकमा गळत राहिल्या आणि त्यांची बेरीज मोठी होत गेली.

कॉलर ट्यून ही या काळातील सर्वांत यशस्वी सेवा. तिचा उगम २००२ मध्ये दक्षिण कोरियात झाला आणि २००४ पासून ती भारतात रुजली. महिन्याला ३० रुपये आणि दर गाण्यामागे १५ रुपये हा दर बराच काळ सर्वपरिचित होता. चाचेगिरीने खचलेल्या ध्वनिमुद्रण कंपन्यांना या उत्पन्नाचा मोठा आधार वाटला. मुंबईत हंगामा व इंडियागेम्स, बंगळुरूत ऑनमोबाईल अशा कंपन्या या क्षेत्रात उभ्या राहिल्या. ऑनमोबाईलचे समभाग २००८ च्या आरंभी ४४० रुपये दराने बाजारात आले. गणेशोत्सवात आरत्या, निवडणुकीत प्रचारगीते अशा हंगामी मालालाही तोटा नव्हता. ही मागणी खरी होती, हे नाकारता येणार नाही. आपल्याला फोन करणाऱ्याच्या कानी आपल्या आवडीचे गाणे पडावे, ही हौस भारतीय माणसाने मनापासून केली. प्रश्न हौस फिटल्यानंतर, महिनोन्महिने आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाचा होता.

संमतीचा प्रश्न न्यायासनासमोर प्रथम आला तो वर्गणीच्या नव्हे, तर एका स्पर्धेच्या निमित्ताने. २००७ मधील ‘कौन बनेगा करोडपती’च्या पर्वात प्रेक्षकांसाठी एसएमएस स्पर्धा होती. एका संदेशाचा दर २ रुपये ४० पैसे. सुमारे ५ कोटी ८० लाख संदेश आले, म्हणजे १३ कोटी ९२ लाख रुपये जमले. बक्षिसांची रक्कम मात्र १ कोटी ४ लाख रुपये होती. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने सप्टेंबर २००८ मध्ये ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवून १ कोटी रुपयांची दंडात्मक नुकसानभरपाई ठोठावली. पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये पुराव्याअभावी हा निर्णय रद्द केला, हेही नमूद केले पाहिजे. तरीही महागडा संदेश आणि ‘फुकट’ बक्षीस यांचे नाते या प्रकरणाने प्रथमच आकड्यांत मांडले.

निर्णायक पाऊल मात्र भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, उचलले. ४ जुलै २०११ च्या निर्देशाने मूल्यवर्धित सेवेसाठी ग्राहकाची स्पष्ट पुष्टी आवश्यक ठरविण्यात आली. १० जुलै २०१३ च्या निर्देशाने दुहेरी पुष्टी आली. सेवा मागितल्यानंतर स्वतंत्र यंत्रणेतून पुन्हा एकदा होकार घेणे भाग पडले आणि सेवा बंद करण्यासाठी १५५२२३ हा समान विनामूल्य क्रमांक सर्व कंपन्यांना लागू झाला. वर मांडलेल्या गणितातील तो दुसरा प्रश्न कायद्याने मध्ये उभा राहिला. वॅप पानांवर एका क्लिकमध्ये वर्गणीदार करून घेणाऱ्या अडत्यांची मिळकत त्याबरोबर आटू लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या आगमनाने उरलेली कसर भरून काढली. कॉलर ट्यूनच विनामूल्य झाल्यावर तिची अडत कोण देणार?

दूरसंचार कंपन्यांची जबाबदारी

या सर्व प्रकारात दोषाचे माप सहसा अनामिक जाहिरातदारांच्या पदरात घातले जाते. ते न्याय्य वाटत नाही. गल्ला दूरसंचार कंपन्यांच्या हाती होता. त्यांच्या जाळ्यावरून एखादे पान उघडताच ग्राहकाचा क्रमांक त्या पानाला परस्पर कळविण्याची सोयही त्यांचीच होती. तिच्यावाचून एका क्लिकची वर्गणी शक्यच नव्हती. वायफाय आणि सांकेतिक स्वरूपातील सुरक्षित संकेतस्थळे वाढली, तसा हा मार्ग अरुंद झाला. मग ग्राहकाने स्वतः क्रमांक टाइप करून आलेला पिन भरावयाचा, अशी पद्धत पुढे आली. अर्थात ती नफ्याला मारकच होती, कारण क्रमांक टाइप करताना मनुष्य क्षणभर विचार करतो.

अमेरिकेतील कागदपत्रे या बाबतीत बोलकी आहेत. तेथे साधारण १० डॉलर मासिक दराच्या सेवा बिलात घुसडल्या जात. टी-मोबाईलविरुद्ध जुलै २०१४ मध्ये दाखल केलेल्या तक्रारीत संघराज्य व्यापार आयोगाने म्हटले की अशा आकारणीतील ३५ ते ४० टक्के वाटा कंपनीच ठेवीत होती. जपानच्या ९ टक्क्यांशी याची तुलना करावी. जिथे गल्लेवाल्याचा वाटा मोठा, तिथे त्याची तक्रारींकडे पाहण्याची दृष्टी मंद होते, असा निष्कर्ष काढण्यास जागा आहे. त्या वर्षाअखेर टी-मोबाईलने किमान ९ कोटी डॉलरची, त्याआधी ऑक्टोबरमध्ये एटी अँड टीने १० कोटी ५० लाख डॉलरची, तर मे २०१५ मध्ये व्हेरिझॉनने ९ कोटी व स्प्रिंटने ६ कोटी ८० लाख डॉलरची तडजोड मान्य केली. प्रीमियम एसएमएसची बहुतांश आकारणी या कंपन्यांनी नोव्हेंबर २०१३ मध्येच थांबविण्याचे जाहीर केले होते.

उतरती कळा

नफा घटला की सचोटीचे लोक प्रथम बाहेर पडतात. मागे राहिलेल्यांनी संमतीच बनावट करण्याचा मार्ग धरला. ‘जोकर’ वा ‘ब्रेड’ या नावाने ओळखली जाणारी अँड्रॉइड ॲप्स २०१७ पासून ग्राहकाच्या नकळत स्वतःच पिन वाचून वर्गणी सुरू करू लागली. अशी सुमारे १,७०० ॲप्स प्ले स्टोअरवरून काढल्याचे गूगलने जानेवारी २०२० मध्ये जाहीर केले. ब्रिटनमधील नियामकाने १ नोव्हेंबर २०१९ पासून वर्गणीसाठी बहुस्तरीय पुष्टी सक्तीची केली.

इटलीत २०२० मध्ये मिलान येथील तपासात एक विलक्षण बाब नोंदली गेली. उद्वाहने, घरगुती स्वयंचलित यंत्रे अशा उपकरणांत बसविलेल्या, केवळ यंत्रांनी आपसांत माहिती पाठविण्यासाठी असलेल्या सिमकार्डांवरही सशुल्क सेवा सुरू झालेल्या आढळल्या, असे तपास यंत्रणेचे म्हणणे होते. जानेवारी २०२१ मध्ये तेथील संप्रेषण नियामकाने अशा सेवा प्रत्येक सिमकार्डावर मुळातच बंद ठेवण्याचा आदेश काढला. ज्याला त्या हव्या असतील, त्याने आधी ते कुलूप स्वतः उघडावयाचे आणि मगच वर्गणीची मागणी नोंदवावयाची, अशी तजवीज झाली.