रॉमची चिप बदलताना: जुन्या गृहसंगणकांतील सुसंगत चिप ओळखण्याचा इतिहास

प्रस्तावना

मायक्रोप्रोसेसरच्या प्रयोगशाळेत ८०८५ चे ट्रेनर किट चालू केले की पडद्यावर एक संदेश येतो आणि किट आपल्या आज्ञांची वाट पाहू लागते. हा संदेश ८०८५ च्या पोटात नसतो. शेजारच्या चिपमध्ये मॉनिटर प्रोग्रॅम लिहिलेला असतो आणि प्रोसेसर तो वाचत असतो. ती चिप गेली तर प्रोसेसर शाबूत असूनही किट मुके होते.

१९७७ ते १९८५ या काळातील गृहसंगणकांची स्थितीही अशीच होती. त्यांत हार्ड डिस्क नव्हती. चालू करताच बेसिक भाषा समोर येई, ती थेट रॉममधून. आज हे संगणक संग्रहालयांत, महाविद्यालयांच्या कपाटांत आणि हौशी लोकांच्या घरी आहेत. त्यांच्या रॉम चिप्स निकामी होत आहेत आणि मूळ चिप्सचे उत्पादन केव्हाच थांबले आहे. त्यांच्या जागी कोणती चिप चालेल, हा प्रश्न दुरुस्तीचा वाटतो. पण त्याचे उत्तर इतिहासात सापडते. ते उत्तर आपण मुख्यतः कमोडोर कंपनीच्या संगणकांच्या आधारे शोधू.

१. मास्क रॉम आणि ईप्रॉम

मास्क रॉममधील मजकूर कारखान्यातच, सिलिकॉनवर थर चढवताना, ठशासारखा उमटवला जातो. ठसा तयार करण्याचा खर्च मोठा असतो, पण हजारो नग काढले की प्रत्येक चिप स्वस्त पडते. एकच नग हवा असेल तर मात्र हा मार्ग बंद असतो.

दुसरा मार्ग १९७१ मध्ये खुला झाला. इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम तयार केली. १७०२ या पहिल्या चिपमध्ये फक्त २५६ बाइट मावत. काचेच्या खिडकीतून अतिनील किरण सोडले की मजकूर पुसला जाई आणि नवा लिहिता येई. १९७७ मध्ये आलेल्या इंटेल २७१६ मध्ये २ किलोबाइट मावत आणि वाचण्यासाठी तिला फक्त +५ व्होल्ट पुरत.

त्यामुळे संगणक विकताना आत मास्क रॉम असे आणि आज तिच्या जागी आपण ईप्रॉम बसवतो. अडचण अशी की या दोन चिप्सच्या पिनांची मांडणी नेहमी जुळत नाही.

२. आकडे फसवतात

नवखा विद्यार्थी तीन गोष्टी पाहतो: किती किलोबाइट, किती पिना आणि चिपवर कोणता आकडा. तिन्ही गोष्टी फसव्या ठरू शकतात.

पिनांची संख्या घ्या. कमोडोरच्या १९७७ च्या पेट संगणकाच्या काही सुरुवातीच्या बोर्डांवर एमओएस टेक्नॉलॉजीच्या ६५४० या रॉम चिप्स आहेत. पिना २८, क्षमता मात्र २ किलोबाइट. एमओएस ही चिप बनवणारी कंपनी कमोडोरने १९७६ मध्येच विकत घेतली होती. आपल्या संगणकासाठी आपलीच चिप वापरणे तिला सोयीचे होते. परिणाम असा की ६५४० च्या सॉकेटमध्ये थेट बसेल अशी प्रचलित ईप्रॉम नाही. मध्ये अडॅप्टर लागतोच.

आता चिपवरचा आकडा घ्या. इंटेलची २७१६ आणि टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीएमएस २७१६ या दोन्ही २४ पिनांच्या, २ किलोबाइटच्या. पण टेक्सासच्या चिपला +५, −५ आणि +१२ असे तीन व्होल्टेज लागतात. इंटेलच्या २७१६ शी जुळणारी टेक्सासची चिप टीएमएस २५१६ या नावाने मिळे. आकडा सारखा असूनही चिप वेगळी, आणि चिप सारखी असूनही आकडा वेगळा, असा हा प्रकार.

क्षमता व पिना दोन्ही जुळल्या तरी गोंधळ होऊ शकतो. पेटच्या नंतरच्या बोर्डांवर २३३२ जातीच्या ४ किलोबाइटच्या मास्क रॉम आहेत. इंटेलची २७३२ ईप्रॉमही ४ किलोबाइटची आणि २४ पिनांचीच. पण २३३२ मध्ये पत्त्याची ए११ ही ओळ १८ व्या पिनेवर आहे, तर २७३२ मध्ये ती २१ व्या पिनेवर. २७३२ ची १८ वी पिन चिप जागी करण्यासाठी आहे आणि ती शून्य असतानाच चिप उत्तर देते.

अशा सॉकेटमध्ये २७३२ बसवली तर काय होईल? तिथे २१ व्या पिनेला कायम +५ व्होल्ट मिळतात, म्हणजे चिपच्या दृष्टीने ए११ नेहमीच १. प्रोसेसर पहिल्या अर्ध्या भागातला बाइट मागतो तेव्हा चिप जागी होते आणि दुसऱ्या अर्ध्या भागातला बाइट देते. तो दुसरा अर्धा भाग मागतो तेव्हा चिप गप्प. धूर निघत नाही, काही जळत नाही, फक्त संगणक चालत नाही; आणि दुरुस्ती करणारा निष्कारण प्रोसेसर बदलत बसतो. इथे टेक्सासची २५३२ चालते, कारण तिची ए११ ही १८ व्या पिनेवरच आहे.

३. ८ किलोबाइट आणि २४ पिना

१९८२ मध्ये कमोडोर ६४ बाजारात आला. त्यात २० किलोबाइट रॉम तीन चिप्समध्ये विभागलेली होती: बेसिकसाठी ८ किलोबाइट, कर्नल या मूळ प्रणालीसाठी ८ आणि अक्षरांच्या आकृत्यांसाठी ४. पहिल्या दोन चिप्स २३६४ जातीच्या, २४ पिनांच्या.

८ किलोबाइटसाठी पत्त्याच्या १३ ओळी, माहितीच्या ८, वीज व जमीन अशा २, म्हणजे २३ पिना झाल्या. उरलेली एक चिपच्या निवडीसाठी. मास्क रॉमला पुन्हा लिहायचे नसल्याने एवढ्यात भागते. ईप्रॉमला मात्र लेखनासाठी उच्च व्होल्टेज व लेखनाचा संकेत लागतो. म्हणून इंटेलने २७६४ ला २८ पिना दिल्या आणि पुढे हीच मांडणी प्रमाण ठरली. मोटोरोलाने मात्र एमसीएम ६८७६४ आणि ६८७६६ या ८ किलोबाइटच्या ईप्रॉम २४ पिनांतच बसवल्या. कमोडोर ६४ च्या सॉकेटमध्ये त्या थेट बसतात. पण आता त्या दुर्मीळ आहेत आणि अनेक साध्या प्रोग्रॅमरना त्यांच्यावर लिहिता येत नाही.

सहज मिळणारी २७६४ वापरायची तर अडॅप्टर करावा लागतो. त्यातील महत्त्वाच्या जोडण्या अशा:

सॉकेटची पिन १८ (ए११) → ईप्रॉमची पिन २३
सॉकेटची पिन २१ (ए१२) → ईप्रॉमची पिन २
सॉकेटची पिन २० (निवड) → ईप्रॉमच्या पिना २० आणि २२
सॉकेटची पिन २४ (+५ व्होल्ट) → ईप्रॉमच्या पिना २८, २७ आणि १

उरलेल्या पिना सरळ जातात: सॉकेटच्या क्रमांकात २ मिळवले की ईप्रॉमची पिन मिळते. ही यादी पाठ करू नका. दोन्ही डेटाशीट शेजारी ठेवून स्वतः तयार करा.

आणखी एक सावधगिरी. मास्क रॉमची निवड-पिन ० ला जागी व्हावी की १ ला, हे गिऱ्हाईक मागणी नोंदवताना ठरवू शकत असे. म्हणून चिपची जात कळली तरी पुरत नाही. त्या संगणकाचा सर्किटचा नकाशा पाहावाच लागतो. वेगाची चिंता मात्र इथे कमी आहे. कमोडोर ६४ चे घड्याळ सुमारे १ मेगाहर्ट्झचे असल्याने २५० नॅनोसेकंदांची ईप्रॉम पुरते.

४. मजकूर कोणता?

चिपवर ९०१२२७-०३ असे छापलेले असते. हे चिपच्या जातीचे नाव नव्हे. आत लिहिलेल्या मजकुराचे आहे. जात २३६४, मजकूर ९०१२२७, आवृत्ती तिसरी. शेजारी चार आकडी उत्पादनाची तारीख असते: वर्ष आणि आठवडा, त्यांचा क्रम कंपनीनुसार बदलतो.

आवृत्तीला महत्त्व आहे. कर्नलच्या दुसऱ्या आवृत्तीत पडदा पुसल्यावर रंगाच्या मेमरीत पार्श्वभूमीचाच रंग भरला जाई. त्यामुळे पोक आज्ञेने थेट पडद्यावर टाकलेले अक्षर दिसतच नसे. तिसऱ्या आवृत्तीत तिथे चालू अक्षरांचा रंग येतो. संगणक चालू असेल तर ६५४०८ या पत्त्यावरचा बाइट पीक आज्ञेने वाचा: पहिल्या आवृत्तीत १७०, दुसरीत ०, तिसरीत ३.

जुन्या संगणकात सरसकट तिसरी आवृत्ती टाकली तर तो चालेल, पण १९८२ मध्ये तो जसा वागत होता तसा वागणार नाही. म्हणून चिप काढण्याआधी, जमत असेल तर, तिचा मजकूर वाचून ठेवावा आणि तिच्यावरचे सर्व आकडे टिपून घ्यावेत. हा मजकूर कोणाची तरी निर्मिती आहे, हेही विसरू नये. ॲपल विरुद्ध फ्रँकलिन या खटल्यात १९८३ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने रॉममधील प्रोग्रॅमलाही कॉपीराइटचे संरक्षण आहे असा निर्णय दिला.

५. इतर संगणकांत

सिंक्लेअरच्या झेडएक्स स्पेक्ट्रममध्ये १६ किलोबाइटची, २८ पिनांची एकच रॉम आहे. ती हिताची आणि एनईसी या दोन कंपन्यांकडून घेतली जाई आणि त्यांच्या जोडणीत फरक होता. म्हणून बोर्डावर एच आणि एन अशा खुणा असलेले तारांचे दुवे ठेवलेले दिसतात. २७१२८ बसवताना हे दुवे तपासावे लागतात आणि पिना १ व २७ यांना +५ व्होल्ट मिळतात की नाही तेही पाहावे लागते.

बीबीसी मायक्रो आपल्याकडच्या अनेक शाळांत १९८४ नंतर क्लास या संगणक साक्षरता प्रकल्पातून आला. त्याचे रॉम सॉकेट २८ पिनांच्या प्रमाण मांडणीचे आहेत, त्यामुळे तिथे बदल तुलनेने सोपा. एखाद्या जुन्या शाळेच्या कपाटात तो अजून असेल, तर तो पुन्हा चालू होण्याची शक्यता बरीच आहे.

समारोप

सुसंगत चिप ओळखताना प्रश्नांचा क्रम असा ठेवावा. दोष खरोखर रॉमचाच आहे का? कमोडोर ६४ मध्ये चिप-निवडीचे संकेत देणारी पीएलए चिप बिघडली तरी पडदा तसाच काळा राहतो. मूळ चिपमधील मजकूर कोणता आणि कोणत्या आवृत्तीचा? सॉकेटच्या प्रत्येक पिनेवर काय येते? नव्या चिपची तीच पिन काय मागते? या चारही प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहिल्याशिवाय वीज चालू करू नये.

आणि ईप्रॉमच्या खिडकीवरची चिकटपट्टी आकडा वाचण्यासाठी काढलीत तर ती लगेच परत लावा. थेट उन्हात साधारण आठवडाभरात मजकूर पुसला जाऊ शकतो. जगात त्याची दुसरी प्रत नसेल, तर तो कायमचाच गेला.

स्वाध्याय

१. २३३२ च्या सॉकेटमध्ये २७३२ चालवण्यासाठी कोणत्या पिनांच्या जोडण्या बदलाव्या लागतील? आकृती काढा.
२. तुमच्या प्रयोगशाळेतील ८०८५ किटमध्ये मॉनिटर प्रोग्रॅमची चिप कोणत्या जातीची आहे? तिच्या जागी दुप्पट क्षमतेची चिप बसवायची झाल्यास जास्तीच्या पत्त्याच्या ओळीचे काय कराल?
३. ८ किलोबाइटची मास्क रॉम २४ पिनांत मावते, मग २७६४ ला २८ पिना का दिल्या? तुमच्या शब्दांत लिहा.