ज्वालाक्षेपक आणि बंकर : सेनिओच्या बांधावर दिसलेली आगीची मर्यादा

ज्वालाक्षेपक अर्थात फ्लेमथ्रोअर हे तटबंद मोर्चातील सैनिकांना बाहेर काढण्यासाठी वापरले गेलेले अस्त्र आहे. आधुनिक स्वरूपात त्याचा वापर पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने सुरू केला. ३० जुलै १९१५ रोजी बेल्जियममधील हूगे येथे ब्रिटिश खंदकांवर झालेला हल्ला त्यासाठी विशेष ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धात युरोप व प्रशांत महासागरातील रणभूमींवर त्याचा वापर मोठ्या प्रमाणावर झाला. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीवर या अस्त्राचे सामर्थ्य दिसले. त्याच संध्याकाळी मराठा पलटणीच्या एका शिपायाने जे केले, त्यातून अशा अस्त्राची मर्यादाही लक्षात येते.

बंकरवर होणारा परिणाम

ज्वालाक्षेपक बंकरची भिंत पाडत नाही. काँक्रीट किंवा मातीचा जाड थर आगीने सहसा कोसळत नाही. परंतु बंकरमधून लढायचे तर गोळीबारासाठी झरोके आणि ये-जा करण्यासाठी दार ठेवावेच लागते. किल्ल्याच्या तटातील जंग्यांप्रमाणे हे झरोकेच त्याचे बळ असतात आणि दुर्बल स्थानही. दाब दिलेल्या इंधनाचा पेटता फवारा झरोक्यातून आत शिरतो. इंधन दाट केलेले असल्यास ते पृष्ठभागाला चिकटून जळत राहते आणि भिंतीवर आपटून कोपऱ्यापलीकडेही उडते. बंद जागेत उष्णता झपाट्याने वाढते, प्राणवायू घटतो, धूर व विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्यामुळे ज्वाळेचा प्रत्यक्ष स्पर्श न झालेला सैनिकही गुदमरून मरू शकतो. आतील दारूगोळ्याचा स्फोट होण्याचा धोका असतो. या साऱ्याची भीती इतकी असे, की पहिला फवारा पाहताच मोर्चा सोडल्याची किंवा शरणागती पत्करल्याची उदाहरणे अनेक रणभूमींवर घडली.

मात्र अस्त्राच्या मर्यादाही तेवढ्याच ठळक होत्या. पाठीवर वाहून नेण्याच्या यंत्रातील इंधन काही सेकंदांच्या फवाऱ्यांतच संपे, आणि ते चालवणाऱ्याला शत्रूच्या अगदी जवळ जावे लागे. ब्रिटिशांच्या चर्चिल क्रोकोडाइल रणगाड्यामागे सुमारे १,८०० लिटर इंधनाचा चिलखती गाडा जोडलेला असे. तरी त्याचा पल्ला साधारण ११० मीटरच होता. म्हणून तोफखाना व मशीनगन यांनी शत्रूला दाबून धरायचे, मग आग, आणि शेवटी पायदळाने आत शिरायचे, असा क्रम रूढ झाला. बचाव करणारेही वळणदार प्रवेशमार्ग, एकाहून अधिक दारे आणि मोर्चे जोडणारी भुयारे खणून आगीचा मार्ग अडवीत.

सेनिओचे दुहेरी बांध

१९४५च्या वसंतात ब्रिटिश आठव्या सैन्यापुढे सेनिओ नदीचा अडसर होता. आठवी भारतीय डिव्हिजन याच सैन्यात होती. मराठा पलटणीच्या क्षेत्रात नदीचे पात्र जेमतेम १५ फूट रुंद आणि चार ते पाच फूट खोल होते. परंतु दोन्ही काठांवर पूर रोखणारे ३० ते ३५ फूट उंचीचे उभे बांध होते. जर्मनांनी हे बांध आतून पोखरून मोर्चे व निवारे खणले होते आणि पूर्वेकडील बांधाच्या नदीकडील उतारावर सुरुंग पेरले होते.

९ एप्रिल रोजी दुपारपासून मित्रराष्ट्रांच्या विमानांनी व तोफांनी या रेषेवर प्रचंड मारा केला. संध्याकाळी ज्वालाक्षेपक वाहने पुढे आली. एकट्या न्यूझीलंड डिव्हिजनच्या साहाय्यासाठी २८ क्रोकोडाइल आणि १२७ वास्प वाहने नेमली होती.

तरीही बांधाची रचना आगीच्या विरोधात होती. फवारा समोरचा उतार व माथा भाजून काढू शकतो. त्याच बांधाच्या पलीकडील, नदीकडे तोंड असलेल्या उतारात खणलेल्या मोर्चाच्या झरोक्यात तो थेट शिरू शकत नाही. मराठा पलटणीवर गोळीबार झाला तो अशाच मोर्चांतून.

नामदेव जाधव

पाचव्या मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे शिपाई नामदेव जाधव (१९२१–१९८४) हे तत्कालीन अहमदनगर, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील निमजचे. ते कंपनीचे निरोप्ये होते. त्यांची तुकडी पाणी ओलांडून पश्चिम काठावर चढत असताना मागच्या, म्हणजे पूर्वेकडील बांधातील किमान तीन मोर्चांनी तिच्यावर गोळ्या झाडल्या. कंपनी कमांडर व दोन जवान जखमी झाले. जाधव वगळता तुकडीतील इतर सारे मारले गेले.

जाधव यांनी दोन जखमींना एकामागून एक खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून बांधावर चढवून सुरक्षित स्थळी नेले. मग ते एकटेच पहिल्या मोर्चावर धावून गेले आणि टॉमी गनने तो शांत केला. हाताला जखम झाल्याने बंदूक चालवता येईना, तेव्हा ती टाकून हातगोळ्यांनी त्यांनी आणखी दोन मोर्चे नष्ट केले. शेवटी भडिमार चालू असतानाच बांधाच्या माथ्यावर उभे राहून, मराठ्यांची युद्धघोषणा देत त्यांनी उरलेल्या कंपन्यांना पुढे बोलावले. या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच दिवशी सेनिओवर फ्रंटियर फोर्स रायफल्सचे शिपाई अली हैदर यांनीही हा सन्मान मिळवला. २ मे १९४५ रोजी इटलीतील जर्मन फौजांची शरणागती अमलात आली.

युद्धानंतर

अमेरिकी सैन्याने १९७८ मध्ये ज्वालाक्षेपक वापरातून काढले. बंद जागेत स्फोट व उष्णता यांचा एकत्रित आघात करणाऱ्या थर्मोबॅरिक अस्त्रांनी पुढे त्याची जागा बऱ्याच अंशी घेतली. ज्वालाग्राही अस्त्रांवरील १९८०चा आंतरराष्ट्रीय करार नागरिकांना व नागरी वस्तूंना लक्ष्य करण्यास मनाई करतो. भारताने तो १९८४ मध्ये मान्य केला. बंकरमधील सैनिकांविरुद्ध या अस्त्रांचा वापर मात्र त्या करारात सरसकट निषिद्ध नाही. त्या सैनिकाला संरक्षण आहे ते युद्धाच्या सर्वसाधारण नियमांचे : अनावश्यक यातना देऊ नयेत, आणि शस्त्र टाकून बाहेर येणाऱ्यावर हल्ला करू नये.