अणूमागचा अंध उस्ताद

या जूनमध्ये माझ्या अंध भाच्याला अकरावीला सायन्स हवे होते. कॉलेजात सांगितले, "केमिस्ट्री डोळ्यांनी शिकायची असते, आर्ट्स घ्या." घरातले बुजुर्ग म्हणाले, "त्याला हाफिज करा, सवाब मिळेल." हिफ्जची थोरवी मी मानतो. पण मुलाने मागितले होते रसायनशास्त्र. म्हणून मी इतिहासाकडे वळलो.

चौदाव्या शतकाच्या आरंभी बगदादमध्ये जैनुद्दीन अल-आमिदी हे अंध आलिम पुस्तकांचा व्यापारही करीत. इतिहासकार सफदी लिहितात की, पुस्तक घेतले की ते कागदाची बारीक सुरळी वळून तिला किमतीच्या अक्षरांचा आकार देत आणि जिल्दीच्या आत चिकटवत. पुढे किंमत विसरली तर बोटांनी वाचत. लुई ब्रेलची लिपी आली १८२४ मध्ये, म्हणजे पाचशे वर्षांनी. म्हणून 'ब्रेल आमचीच' असा दावा मी करणार नाही. तसा दुवा सापडत नाही. गरज पडली की बोटे वाचायला शिकतात, एवढाच यातला धडा.

पण रसायनशास्त्राचे काय? त्यासाठी इंग्लंडमधल्या केंडल गावी जावे लागेल. तिथे जॉन गॉफ (१७५७–१८२५) राहत. बालपणी देवीच्या आजारात त्यांची दृष्टी गेली. वनस्पती ते स्पर्शाने, वासाने, चवीने ओळखत. रबराची पट्टी ओठांना लावून त्यांनी ताणली, तेव्हा ती गरम झाल्याचे त्यांना जाणवले. सैल सोडली, तर गार. १८०५ मध्ये हे निरीक्षण छापले गेले आणि आजही ते त्यांच्या नावाने ओळखले जाते.

याच गॉफकडे गावातला एक तरुण मास्तर गणित आणि लॅटिन शिकला. त्यांच्याच प्रोत्साहनाने तो हवामानाची रोजनिशी ठेवू लागला. त्याचे नाव जॉन डाल्टन. आधुनिक अणुसिद्धान्त मांडणारा हाच तो डाल्टन, आणि तो स्वतः रंगांध होता. अणू त्यानेही पाहिला नव्हता. तो समजावण्यासाठी त्याने लाकडी गोळे वापरले. म्हणजे रसायनशास्त्राच्या मुळाशी जे आहे, ते डोळसांनाही हातात घेऊनच समजून घ्यावे लागले.

आज साधने वाढली आहेत. २०२२ मध्ये टेक्सासच्या बेलर विद्यापीठातील संशोधकांनी जाड-पातळ उठावाचे छापील पत्रे वापरून दाखवले. प्रकाशासमोर धरले तर डोळस त्यावरचा आलेख पाहतो, बोट फिरवले तर अंध तोच आलेख वाचतो.

मी मात्र बाजारातून गोळे-काड्यांचा साधा संच आणला. भाच्याने मिथेन जोडला, बराच वेळ चाचपला आणि विचारले, "मामू, या चार काड्या चार दिशांना जातात. तुम्ही लोक हे सपाट कागदावर कसे शिकता?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. उद्या त्याला आणि तो मिथेन घेऊन पुन्हा कॉलेजात जाणार आहे.