करीनचं घर, कार्लची सही

आमच्या भाडेकरारात एक कलम आहे: भिंतीला खिळा मारायचा नाही. रंग लावायचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे घर सजवण्याची माझी सगळी हौस फोनवरच भागते. सेव्ह केलेल्या फोटोंचा एक फोल्डर आहे, त्यात पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड आणि पडदा नसलेल्या खिडकीत ओळीने मांडलेल्या कुंड्या. या सगळ्याला 'स्कँडिनेव्हियन' म्हणायचं हे आता आपल्यालाही पाठ झालंय. डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला आयकिया उघडलं, तेव्हापासून तर ते लोकलने जाऊन बघताही येतं.

या शैलीचं मूळ शोधायला गेलं की एका घराचं नाव हमखास पुढे येतं. स्वीडनच्या दालार्ना प्रांतात, फालुन शहराजवळ सुंदबॉर्न नावाचं गाव आहे. तिथल्या ओढ्याकाठी 'लिल्ला हित्नेस' नावाचं लाकडी घर आहे. चित्रकार कार्ल लार्सनचं घर म्हणून ते जगभर ओळखलं जातं. मी फोटो पाहिले तेव्हा पहिला धक्का रंगांचा बसला. फिकट, शांत वगैरे काही नाही. जेवणघर लाल आणि हिरवं, दारांवर घरातल्या माणसांची चित्रं, चौकटींवर अक्षरं. आपल्या फोल्डरमधलं 'मिनिमल' या घराला फार तर लांबून ओळखत असेल.

दुसरा धक्का नावाचा होता. पण तिथे जायच्या आधी कार्ल.

कार्ल लार्सन 1853 मध्ये स्टॉकहोममध्ये जन्मला, तोही अत्यंत गरीब वस्तीत. आई लोकांचे कपडे धुवायची, बाप दारुडा आणि हिंसक. गरीब मुलांच्या शाळेतल्या एका शिक्षकाने पोराचा हात ओळखला आणि तेराव्या वर्षी तो कला अकादमीच्या प्राथमिक वर्गात पोचला. पुढे मासिकांसाठी चित्रं काढून त्याने पोट भरलं, पॅरिस गाठलं आणि तिथे मोठ्या तैलचित्रांच्या नादात अपयशही भरपूर पचवलं. ज्याला लहानपणी धड घर मिळालं नाही त्याने जगातलं सर्वात प्रसिद्ध आनंदी घर रंगवलं, ही कथा इतकी सोयीची आहे की सांगणाऱ्यांना पुढे काही शोधावंसं वाटलं नसावं.

1882 मध्ये फ्रान्समधल्या ग्रे नावाच्या खेड्यात, परदेशी चित्रकारांच्या वसाहतीत, त्याला करीन भेटली. ती 1859 ची, म्हणजे त्याच्याहून सहा वर्षांनी लहान. एका खात्यापित्या व्यापाऱ्याची मुलगी. हस्तकलेच्या शाळेत आणि नंतर स्टॉकहोमच्या त्याच अकादमीत, स्त्रियांच्या विभागात, पाच वर्षं शिकून ती फ्रान्सला आली होती. तीही चित्रकार होती, 'चित्रकाराची बायको' व्हायच्या कितीतरी आधीपासून. 1883 मध्ये त्यांचं लग्न झालं, 1884 मध्ये पहिली मुलगी सुझान. त्यानंतर 1900 पर्यंत आणखी सात मुलं झाली, त्यातला एक मुलगा तान्हेपणीच गेला. करीनने चित्रं काढणं जवळजवळ थांबवलं. कार्लचीही अपेक्षा तीच होती, आणि काळाचीही.

1888 मध्ये करीनच्या वडिलांनी त्यांना सुंदबॉर्नचं घर दिलं. हे वाक्य पुन्हा वाचा. 'कार्ल लार्सनचं घर' सासऱ्याने दिलेलं होतं. त्याआधी तिथे करीनच्या दोन आत्या राहायच्या. सुरुवातीला हे कुटुंब फक्त उन्हाळ्यात तिथे यायचं, 1901 पासून कायमचं राहायला आलं.

या घराबाहेरच्या लाल रंगाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण मला तोच भाग सर्वात आवडतो. फालुनला शतकानुशतकं तांब्याची प्रचंड खाण चालत होती. तांबं काढून उरलेले दगड ढिगाऱ्यात पडून झिजायचे, कुजायचे. त्यातली लोहयुक्त माती धुऊन, वाळवून, भाजली की गडद लाल पूड मिळायची. ती पूड पाणी, राईचं पीठ आणि जवसाच्या तेलाबरोबर शिजवायची. राई म्हणजे फोडणीतली मोहरी नव्हे, ते युरोपातलं एक धान्य आहे. झाला रंग तयार. म्हणजे भिंतीसाठी चक्क खळ शिजवायची! खाणीचा कचरा असल्यामुळे तो स्वस्त पडायचा आणि लाकूडही टिकवायचा. स्वीडनच्या खेड्यांचा तो लाल रंग इथून येतो. खाण 1992 मध्ये बंद झाली, रंग अजून बनतो. घराच्या 'हित्नेस' या नावातला 'हित्' म्हणजेही धातू वितळवायची भट्टी.

आत शिरल्यावर पैशांची ओढाताण दिसते. फर्निचर जुनं आणि वेगवेगळ्या काळातलं. ते एकमेकांशी जुळावं म्हणून रंगवलेलं. त्या काळच्या प्रतिष्ठित घरांमध्ये जड मखमली पडदे, गडद लाकूड आणि अंधार असायचा. इथे खिडक्या जवळजवळ उघड्या. उत्तरेकडच्या हिवाळ्यात दिवस काही तासांचा असतो, तेव्हा काचेतून येणारा प्रत्येक कवडसा हवाच असतो.

घरातलं रंगकाम बरंचसं कार्लचं. आणि कापड? गाद्यांची कव्हरं, टेबलक्लॉथ, पडदे, भिंतीवरची विणकामं, मुलांचे आणि स्वतःचे कपडे, हे सगळं करीनचं. तिने हातमाग घेतला आणि विणकाम शिकून घेतलं. दालार्नाच्या शेतकरी घरांमधले जुने विणीचे प्रकार तिने उचलले, पण त्यांची नक्कल केली नाही. जेवणघरात बाकाच्या वर तिचं 'चार तत्त्वं' हे विणकाम आहे. त्यातले आकार इतके मोकळे आणि अमूर्त आहेत की ते विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचं आहे हे सांगावं लागतं. कार्लच्या आणि मुलांच्या खोलीमधल्या दाराला तिने 'प्रेमाचा गुलाब' नावाचा पडदा विणला. बाळंतपणं आणि घरकाम यांत कॉर्सेट आवळून वावरणं शक्य नव्हतं, म्हणून तिने सैल, लांब एप्रनसारखे झगे शिवले. सुंदबॉर्नच्या बायका बघत राहिल्या असणार.

तिने काही लाकडी वस्तूंची रेखाटनंही केली. 1906 च्या सुमारास तिने एक झुलती खुर्ची काढली, सरळसोट आणि कुठलीही नक्षी नसलेली. असं सांगतात की गावच्या सुताराला ती बनवल्याची इतकी लाज वाटली की त्याने ती रात्रीच्या अंधारात आणून दिली.

आता ही सगळी वस्ती जगाला कशी दिसली? चित्रांतून. एका उन्हाळ्यात पाऊस थांबेना, कार्ल घरात धुसफुसत बसला होता, तेव्हा करीननेच त्याला सुचवलं की घराचीच चित्रं काढ, अशी गोष्ट आहे. त्यातून जलरंगांची मालिका उभी राहिली. एका चित्रात दिवाणखान्यात शिक्षा म्हणून बसवलेला छोटा पोंतुस आहे, एकात खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालणारी सुझान. 1897 मध्ये ही चित्रं स्टॉकहोमच्या मोठ्या प्रदर्शनात लागली आणि 1899 मध्ये 24 चित्रांचं 'एत् हेम', म्हणजे 'एक घर', हे पुस्तक आलं. त्याच वर्षी एलेन की या लेखिकेने 'सौंदर्य सर्वांसाठी' या अर्थाच्या नावाची पुस्तिका काढली. सुंदर घर ही श्रीमंतांची मिरास नाही, हे तिचं म्हणणं होतं आणि लार्सनचं घर तिला त्याचं जिवंत उदाहरण वाटायचं. पुढे 1909 मध्ये 'उन्हातलं घर' या अर्थाच्या नावाने स्वस्त जर्मन आवृत्ती निघाली आणि चित्रं मध्यमवर्गीयांच्या घराघरांत गेली.

थोडक्यात, आज इन्स्टाग्राम जे करतं ते रंगीत छपाईने केलं. आणि त्यात जे होतं तेच झालं: फोटो काढणाऱ्याचं नाव राहिलं. करीनची उशी कार्लच्या चित्रात आली की ती 'कार्लची उशी' झाली. चित्राखाली सही असते, विकत घेणारा ती बघतो. उशीवर कोणी सही शोधत नाही. आपल्याकडच्या किती गोधड्यांवर शिवणारणीचं नाव आहे?

चित्रांनी आणखीही काही झाकलं. 1905 मध्ये मोठा मुलगा उल्फ अठराव्या वर्षी गेला. कार्लला नैराश्याचे झटके यायचे, ते उतारवयात वाढले. पुस्तकातलं ऊन मात्र तसंच राहिलं. ते खोटं होतं असं मला म्हणवत नाही. वाईट दिवशी आपणही स्टोरी टाकतच नाही ना?

1906 च्या 'अझालिया' या चित्राकडे मी परत परत जाते. समोर गुलाबी फुलांचा बहर, बाजूला माग आणि फुलांमागून बघणारी करीन. तो माग चित्राची शोभा वाढवतोय, असंच मला आधी वाटलं होतं. तिचं काम चालू असताना कोणीतरी मध्येच तिला थांबवलंय, हे नंतर लक्षात आलं.

कार्ल 1919 मध्ये गेला, करीन 1928 मध्ये. स्वतःला अजरामर करेल असं कार्लला वाटत होतं ते चित्र वेगळंच होतं: 'मिडविंटरब्लूत', स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या जिन्यासाठी काढलेलं, जवळजवळ 14 मीटर रुंदीचं प्राचीन राजाच्या बळीचं दृश्य. संग्रहालयाने ते नाकारलं आणि तो घाव त्याला शेवटपर्यंत बोचला. 1987 मध्ये ते एका जपानी संग्राहकाकडे गेलं आणि अखेर 1997 मध्ये त्याच संग्रहालयाने ते विकत घेऊन ठरलेल्या भिंतीवर लावलं.

त्याच 1997 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने सुंदबॉर्नच्या घरावर मोठं प्रदर्शन भरवलं. त्याच्या नावात 'कार्ल आणि करीन लार्सन' असं होतं, आणि दोघांनाही 'स्वीडिश शैलीचे निर्माते' म्हटलं होतं. करीनला जाऊन तेव्हा 69 वर्षं झाली होती. घर आजही वंशजांकडे आहे. एरवी ते लोकांना बघायला खुलं असतं, आणि अधूनमधून घरचे लोक तिथे येऊन राहतात, तिने रंग ठरवलेल्या त्याच जेवणघरात बसतात.