‘लहान’ अपस्माराचा इतिहास

रोगांच्या इतिहासांत एक गोष्ट वारंवार आढळते. जो रोग डोळ्यांना भयंकर दिसतो त्याला नांव लौकर मिळतें; जो दिसतच नाहीं त्याला नांव मिळण्यास शतकें जावीं लागतात. अपस्मार, ज्याला आपण घरगुती बोलण्यांत फेफरें, मिरगी किंवा ‘फीट’ म्हणतों, तो पहिल्या जातीचा. मनुष्य धाडकन् खालीं पडतो, हातपाय ताठतात, तोंडास फेंस येतो. हें दृश्य ज्यानें एकदां पाहिलें तो तें विसरत नाहीं. चरकसंहितेंत या रोगाला स्वतंत्र स्थान आहे. हिपॉक्रेटीझच्या नांवावर असलेल्या, इ. स. पूर्वीं ४०० च्या सुमाराच्या एका ग्रीक ग्रंथांत तर हा ‘पवित्र’ म्हटला जाणारा रोग इतर रोगांहून मुळींच अधिक दैवी नसून त्याचा उगम मेंदूंत आहे, असें निःसंदिग्धपणें सांगितलें आहे.

परंतु याच रोगाच्या कुळांत एक प्रकार असा आहे कीं, त्यांत कोणी पडत नाहीं, ओरडत नाहीं, जीभहि चावत नाहीं. चार ते दहा वर्षांचें एखादें मूल बोलतां बोलतां थांबतें. त्याची नजर शून्यांत लागते, पापण्या किंचित् फडफडतात, आणि दहा-बारा सेकंदांनीं तें पुन्हां पहिल्यासारखें होऊन आपल्या कामास लागतें. दिवसांतून असें दहा वेळां, कधीं कधीं शंभर वेळांहि होतें. मधल्या वेळांत आपण कोठें होतों हें त्या मुलास ठाऊक नसतें. किंबहुना मधें कांहीं वेळ गेला हेंच त्याला ठाऊक नसतें. आजचें वैद्यक या प्रकारास ‘ॲब्सन्स’, म्हणजे अनुपस्थिति, म्हणतें. आमच्या ‘अपस्मार’ या शब्दाचा अर्थ स्मृति निघून जाणें असा आहे. जुन्या वैद्यांच्या डोळ्यांपुढें मोठे झटके होते हें खरें, पण शब्दार्थ पाहतां तो या लहान प्रकारालाच अधिक शोभतो, असें मला वाटतें.

या रोगाची मोठी अडचण ही कीं, त्यांत रोगी स्वतः साक्ष देऊं शकत नाहीं. पोट दुखलें तर मूल सांगतें; येथें सांगण्यासारखें त्याच्यापाशीं कांहींच उरत नाहीं. म्हणून सारा भार पाहणाऱ्यावर पडतो, आणि या रोगाचा इतिहास म्हणजे बव्हंशीं पाहणाऱ्यांचा इतिहास होय.

उपलब्ध वर्णनांपैकीं एक जुनें वर्णन १७०५ सालचें, पॅरिसच्या शास्त्र-अकादमीच्या इतिवृत्तांतलें आहे. पूपार नांवाच्या वैद्यानें आपल्या एका रुग्णेविषयीं लिहिलें कीं, झटका येतांच ती डोळे उघडे ठेवून निश्चल बसून राही. आणि बोलणें चालूं असतां झटका आला तर तो सरल्यावर वाक्य जेथें तुटलें असेल नेमकें तेथूनच पुढें चालूं करी. आपण अखंड बोलत होतों असाच तिचा समज असे. तुटलेलें वाक्य ऐकणाऱ्यासच तुटलेलें कळावें, बोलणाऱ्यास नाहीं, एवढी एकच खूण त्या वैद्यानें टिपली. पण ती इतकी अचूक आहे कीं पुढच्या दोनशें वर्षांत तींत फारशी भर पडली नाहीं. स्वित्झर्लंडमधील लोझानचे डॉक्टर तिसो यांनीं १७७० सालीं अपस्मारावर मोठा ग्रंथ लिहिला, त्यांत चौदा वर्षांच्या एका मुलीची अशीच हकीकत आहे. मोठ्या झटक्यांच्या मधून मधून तिला अगदीं क्षणिक झटके येत. बोलणें थांबे, डोळे किंचित् हालत, आणि पुन्हां सर्व पूर्ववत् होई.

नांवें पडलीं तीं पॅरिसच्या रुग्णालयांत. तेथें रोगी व परिचारक यांच्या बोलण्यांत मोठ्या झटक्यास ‘ग्राँ माल’ व लहानास ‘पती माल’, म्हणजे थोरली व्याधि आणि धाकटी व्याधि, असे शब्द रूढ होते. एस्किरोल या प्रसिद्ध मनोवैद्यानें त्यांना ग्रंथांत स्थान दिलें. त्याचा शिष्य कालमेय यानें १८२४ च्या आपल्या प्रबंधांत ‘ॲब्सन्स’ हा शब्द प्रथम वापरला. दोहोंपैकीं कालमेयचा शब्द निःसंशय सरस. परंतु लोकांत रुळला तो ‘पती माल’. आणि त्यांतल्या ‘लहान’ या विशेषणानें, माझ्या मतें, बरेंच नुकसान केलें. ज्याचें नांवच लहान त्याची काळजी कोण करणार? शाळेंत असें मूल ‘धांदरट’, ‘स्वप्नाळू’, ‘हट्टी’ ठरे. प्रश्न विचारला असतां तें उत्तर देत नसे, म्हणून शिक्षा होई, आणि ती कशाबद्दल झाली तें त्यास कळत नसे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत लंडनच्या ह्यूलिंग्ज जॅक्सननें झटका म्हणजे मेंदूंतील करड्या द्रव्याचा आकस्मिक व अमर्याद स्फोट, अशी व्याख्या केली. हा सिद्धांत पुढें खरा ठरला. पण लहान प्रकारासंबंधीं वाद मिटला नाहीं. १९०६ सालीं जर्मनीत फ्रीडमन यानें दाट संख्येनें येणाऱ्या आणि पुढें आपोआप थांबणाऱ्या बालपणींच्या झटक्यांचें वर्णन केलें. त्यास ‘दाट’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘पिक्नोलेप्सी’ म्हणूं लागले, आणि १९२४ सालीं लंडनच्या ॲडी यानें त्यावर लेख लिहून हीं मुलें बरीं होतात असें आग्रहानें मांडलें. हा खरा अपस्मार कीं नाहीं यावर तेव्हां बराच खल झाला. तो नव्हे असें म्हणणाऱ्यांत थोडी दयाबुद्धिहि असावी, कारण ‘अपस्मारी’ हा शिक्का जन्मभर पुसत नसे. तो आपल्याकडेहि पुसत नव्हता. हिंदु विवाह कायद्यांत १९७६ च्या दुरुस्तीनें अपस्माराचे वारंवार येणारे झटके वेडाच्या झटक्यांच्या शेजारीं बसवून विवाहास बाध मानले गेले, आणि तो शब्द निघाला तो थेट १९९९ सालीं.

वाद मिटविला तो एका यंत्रानें. जर्मनींतील येना येथें हान्स बर्जर या मनोवैद्यानें १९२४ सालीं मनुष्याच्या कवटीवरून मेंदूंतील विद्युत्-लहरी प्रथम टिपल्या व १९२९ सालीं तें प्रसिद्ध केलें. प्रथम त्याच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाहीं. १९३४ सालीं केंब्रिजच्या ॲड्रियन व मॅथ्यूज यांनीं तोच प्रयोग करून दाखविला, तेव्हां जगाचे डोळे उघडले. अमेरिकेंत बॉस्टन येथें फ्रेडरिक गिब्ज, हॅलोवेल डेव्हिस व विल्यम लेनॉक्स यांनीं या साधनाचा उपयोग अपस्मारावर केला. फ्रेडरिकची पत्नी एर्ना गिब्ज या कामांत त्याच्या बरोबरीची भागीदार होती, हें सांगावयास अनेक इतिहासकार विसरतात. मूल स्वस्थ बसलेलें असे, कागद सरकत असे, लेखणी बारीक नागमोडी रेघ काढीत असे. एकाएकीं लेखणी उसळून कागदावर एक टोंकदार सुळका व त्यामागें एक गोल घुमट, पुन्हां सुळका व घुमट, सेकंदास तीन या ठरीव गतीनें, मेंदूच्या दोन्ही अर्धांवर एकाच वेळीं काढूं लागे. आठ-दहा सेकंदांनीं तो खेळ जसा सुरू झाला तसाच अकस्मात् थांबे. १९३५ सालीं हे आलेख प्रसिद्ध झाले. ‘पिक्नोलेप्सी’ म्हटल्या गेलेल्या मुलांचेहि आलेख तेच निघाले, आणि ती अपस्मार नव्हे हा पक्ष मागें पडला.

याहून सूक्ष्म प्रयोग बॉस्टनच्याच रॉबर्ट श्वाबनें १९३९ च्या सुमारास केला. खूण होतांच रोग्यानें कळ दाबावयाची, एवढीच परीक्षा. लहरी स्वाभाविक असतां कळ तत्काळ दाबली जाई. सुळके-घुमट सुरू असतां ती उशिरां दाबली जाई किंवा मुळींच दाबली जात नसे. जें बाहेरून ‘लक्ष नाहीं’ असें दिसत होतें त्याची वेळ अशा रीतीनें घड्याळावर मोजतां आली. मुलास तीन मिनिटें जोरजोरानें श्वासोच्छ्वास करावयास लावला असतां झटका हटकून येतो, हेंहि याच काळांत डॉक्टरांच्या कामीं येऊं लागलें. आजहि लहान मुलापुढें कागदाचें भिरभिरें धरून त्यास फुंकावयास सांगतात तें यासाठींच.

औषधांचा इतिहास मात्र तर्कापेक्षां योगायोगानेंच अधिक घडला. १९३८ सालीं आलेलें फेनिटॉइन मोठ्या झटक्यांवर अमोघ ठरलें, पण या प्रकारावर तें निरुपयोगी, कधीं कधीं अपायकारकहि. पुढें वेदनाशामक शोधतां शोधतां ट्रायडायोन हातीं आलें, आणि लेनॉक्सनें १९४५ सालीं त्याचा गुण प्रसिद्ध केला. प्रखर उजेडांत दृष्टि दिपणें व रक्तावर दुष्परिणाम होणें हे त्याचे दोष होते. १९५८ सालीं एथोसक्सिमाइड आलें तें अजून टिकून आहे. फ्रान्समध्यें ग्रनोब्ल येथें १९६२-६३ च्या सुमारास भलतींच द्रव्यें विरघळविण्यासाठीं म्हणून एक आम्ल वापरीत होते. जें जें त्यांत विरघळवावें तें तें झटक्यांवर गुणकारी ठरूं लागलें, तेव्हां गुण द्रव्यांचा नसून आम्लाचा आहे हें ध्यानांत आलें. तेंच व्हॅल्प्रोएट.

औषध लागू पडतें हें कळलें, पण तें कां, हें कळण्यास मेंदूच्या आंत शिरावें लागलें. मेंदूच्या गाभ्यांत थॅलॅमस नांवाचे अंड्याच्या आकाराचे दोन पुंज आहेत. गंधाखेरीज सर्व इंद्रियांचे निरोप त्यांतून कॉर्टेक्सकडे, म्हणजे मेंदूच्या बाहेरील घडीदार थराकडे, जातात. माँट्रियलच्या हर्बर्ट जॅस्परनें एका सहकाऱ्यासह १९४६-४७ सालीं मांजराच्या थॅलॅमसच्या मध्यभागास सेकंदास तीन या गतीनें विजेचे हलके धक्के दिले, तेव्हां दोन्ही बाजूंस सुळके-घुमट उमटले. यावरून तो व शस्त्रवैद्य पेनफील्ड यांनीं झटक्याचें मूळ मध्यभागीं आहे असें प्रतिपादिलें. पुढें त्याच संस्थेंत पिएर ग्लूर यानें मांजरांवर पेनिसिलिनचे प्रयोग करून उलट दाखविलें: पातळ पेनिसिलिन कॉर्टेक्सवर पसरलें कीं तसल्याच लहरी उठतात, थॅलॅमसमध्यें घातलें तर उठत नाहींत. गुरूचें मत त्याच्याच छपराखालीं खोडलें जावें ही त्या संस्थेस भूषणावहच गोष्ट म्हटली पाहिजे.

आज जें चित्र मान्य आहे त्यांत दोघांचाहि वांटा आहे. थॅलॅमसभोंवतीं दमन करणाऱ्या पेशींचें एक पातळ वेष्टण असतें. त्या पेशी एकदम जाग्या झाल्या म्हणजे आंतील निरोप्या पेशी दबतात. आणि दबल्यामुळेंच त्यांच्या अंगावरील कॅल्शियमचीं विशिष्ट द्वारें उघडण्यास सिद्ध होतात. दाब सरतांच साऱ्या पेशी एकसमयावच्छेदेंकरून उसळतात, उसळीचा धक्का कॉर्टेक्सला बसतो, कॉर्टेक्स तो परत थॅलॅमसकडे व वेष्टणाकडे पाठवितें, आणि पुन्हां दमन, पुन्हां उसळी. झोपाळ्यास नेमक्या वेळीं रेटा मिळत गेला म्हणजे तो जसा थांबत नाहीं, तसेंच हें चक्र. निद्रेंत हेंच मंडल निराळ्या गतीनें स्वाभाविकपणें चालतें. जागेपणीं तें असें चालूं लागलें कीं बाहेरचें जग आंत येईनासें होतें. १९८९ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड येथें कूल्टर, ह्यूगनार्ड व प्रिन्स यांनीं एथोसक्सिमाइड हें त्या कॅल्शियमच्या प्रवाहालाच आवर घालतें, असें दाखविलें. म्हणजे औषध एकतीस वर्षें वापरल्यावर त्याचें कारण सांगतां आलें. दमन वाढविणारीं कांहीं औषधें इतर झटक्यांवर चालतात, पण या मुलांचे झटके वाढवितात, या कोड्याचाहि उलगडा येथेंच होतो. निदान चुकलें तर औषधच वैरी होतें, तें असें.

पहिला रेटा कोण देतो, याचें उत्तर उंदरांनीं दिलें. हॉलंडमधील नायमेखन येथें जन्मतःच असे झटके असणाऱ्या उंदरांचा एक वंश आहे. नेमका पुरावा पाहिला तर तो २००२ सालचा: त्या वर्षीं तेथें असें आढळलें कीं, प्रत्येक झटका कॉर्टेक्सच्या एका ठराविक भागांत, तोंडाभोंवतालच्या स्पर्शाच्या जागीं, सुरू होतो व मग थॅलॅमस त्यांत सामील होतो. उंदराची गति सेकंदास सात ते अकरा, मुलाची तीन; तेव्हां उंदरावरून मुलाचें अनुमान बेतानेंच केलेलें बरें.

राहिला ‘लहान’ या विशेषणाचा प्रश्न. बरींच मुलें वयांत येतां येतां या झटक्यांतून मुक्त होतात, हें ॲडीचें म्हणणें पुष्कळ अंशीं खरें आहे. पण कॅनडांतील नोव्हा स्कोशिया प्रांतांत अशा मुलांचा तरुणपणापर्यंत मागोवा घेऊन त्यांची तुलना बालपणीं संधिवात झालेल्यांशीं केली गेली. १९९७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणींत शिक्षण व वर्तन या दोन्ही बाबतींत हीं मुलें मागें पडलेलीं आढळलीं. २०१० सालीं अमेरिकेंत ४५३ मुलांवर तीन औषधांची तुलना झाली. सोळा आठवड्यांनीं एथोसक्सिमाइड ५३ टक्के मुलांत व व्हॅल्प्रोएट ५८ टक्के मुलांत यशस्वी ठरलें, तिसरें लॅमोट्रिजिन अवघ्या २९ टक्क्यांत. मात्र अवधानाचे दोष व्हॅल्प्रोएट घेणाऱ्या ४९ टक्के मुलांत दिसले, तर एथोसक्सिमाइड घेणाऱ्या ३३ टक्क्यांत. याच मुलांच्या पुढील तपासणींत असें दिसलें कीं, औषध सुरू होण्यापूर्वींच छत्तीस टक्के मुलांत अवधानाची उणीव होती, आणि झटके थांबल्यावरहि ती अनेकांत कायम राहिली. त्याच वर्षीं येल विद्यापीठांतील संशोधकांनीं चुंबकीय यंत्रानें मेंदूंतील रक्तप्रवाह पाहिला, तेव्हां लेखणी उसळण्यापूर्वीं पांच सेकंदांहून अधिक आधींच कॉर्टेक्सच्या कांहीं भागांत बदल सुरू झालेला आढळला, आणि आलेख शांत झाल्यावरहि तो वीस सेकंदांहून अधिक काळ चालूं होता.